तांदळातलं नाव

फौजेत मी बावीस वर्षं क्लार्क होतो. बंदूक चालवली ती सरावापुरती. माझं खरं हत्यार टाचणी, कार्बन आणि शिक्का. पेन्शन घेऊन अमरावतीला आलो तरी ते हत्यार मी खाली ठेवलं नाही. माजी सैनिकांच्या दवाखान्यासमोर चहाची टपरी आहे, तिथलं एक बाकडं मी बळकावलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचे फॉर्म भरू लागलो. फुकट. म्हणजे पैसे घेत नसे, मिजास भरपूर घ्यायचो.

तिवशाचे, दर्यापूरचे म्हातारे सुभेदार यायचे. जुन्या पेन्शनवाल्यांचा प्रश्न ठरलेला: दरमहाचा औषधभत्ता घेत राहावा की आरोग्य योजनेचं कार्ड काढावं? मी मोठ्या डॉक्टरच्या थाटात सांगायचो, "भत्त्यात गोळ्या येतात काका, ऑपरेशन येत नाही. कार्ड काढा. काकूचंही निघते." मग पुढचा धडा. आधी इथे आपल्या दवाखान्यात दाखवायचं, इथले डॉक्टर चिठ्ठी देतात, ती चिठ्ठी घेऊन योजनेतल्या मोठ्या हॉस्पिटलात जायचं, अकोल्याला किंवा नागपूरला. आणि शेवटी बोट वर करून, "फौजेच्या रेकॉर्डातलं नाव अन् आधारवरचं नाव एकच पायजे. काना-मात्रेचा फरक चालत नाही."

एका नायकाच्या रेकॉर्डात बायकोच्या रकान्यात त्याच्या गावाचं नाव पडलं होतं. तेसुद्धा मी तीन महिन्यांत सुधारून आणलं. बाकड्यावर पेढे वाटले गेले.

आणि माझ्या स्वतःच्या रेकॉर्डात माझ्या बायकोचं नाव मुळापासून चूक होतं.

झालं असं. आमच्या लग्नात ताटात तांदूळ पसरले आणि माझ्या हातात अंगठी दिली. नवरीचं नवं नाव त्या तांदळात नवऱ्यानं लिहायचं असतं. आईनं ठरवलेलं देवीचं नाव आत्यानं माझ्या कानात सांगितलं, मी लिहिलं, लोकांनी वाचलं, साखर वाटली. संध्याकाळी त्याच तांदळाचा भात झाला आणि नाव पोटात गेलं. त्यानंतर घरात ते नाव कोणी घेतलं नाही. आई तिला "नवरी" म्हणायची, नंतर "सूनबाई". मी "अवं" म्हणायचो. तिच्या माहेरी तिचं जन्मनाव चालायचं, एका नदीचं. शाळेच्या दाखल्यावर तेच, पुढे आधारवरही तेच.

सुट्टी संपवून पलटणीत परतलो तेव्हा हेडक्लार्कनं विचारलं, "बीवी का नाम?" भोवती दहा जवान दात काढून उभे. मी इतका लाजलो की जे नाव मी स्वतःच्या हातानं एकदा लिहिलं होतं, तेच तोंडातून निघालं. देवीचं. त्यांनी ते बुकात लिहिलं, शिक्का मारला. पुढे मी स्वतः हेडक्लार्क झालो, ते बुक शंभर वेळा हाताळलं, आणि ते नाव तसंच राहू दिलं.

तिनं सांगितलं नव्हतं असं नाही. दर दिवाळीच्या साफसफाईत कागदांची पेटी उघडली की ती म्हणायची, "काहो किलार्क, तुमच्या बुकात हे बाई कोण आहे?"

"तूच."

"मंग दुरुस्त करा ना."

"होते ना. क्लार्क तर मीच हाओ."

"साऱ्या जिल्ह्याच्या बायका दुरुस्त केल्या. मीच उरली."

मी हसायचो. अडतीस वर्षं हसलो.

मागच्या वर्षी ती जिना चढताना मध्येच बसू लागली. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकत राहिले आणि अकोल्याची चिठ्ठी दिली. हृदयाची झडप. तिकडचे मोठे डॉक्टर आठवड्यातून एकच दिवस यायचे. नव्या कार्डाचा आमचा अर्ज नाव जुळत नाही म्हणून परत आला होता, पण जुनं कार्ड अजून चालत होतं. त्यावर फोटो तिचा, नाव देवीचं. म्हटलं, एवढा इलाज होऊ दे, मग निवांत दुरुस्ती करू.

अकोल्याच्या त्या हॉस्पिटलात आम्ही सकाळी नऊलाच पोचलो. कागद खिडकीत दिले आणि खुर्च्यांवर बसलो. एकेक नाव पुकारत होते, लोक आत जात होते. अशात एक नाव तीनदा पुकारलं, कोणी उठलं नाही.

ही मला कोपर मारून म्हणाली, "कोण बाई आहे वो? एवढ्या डाक्तराचा टाइम खाऊन राहिली."

"चहा प्याले गेली असन," मी म्हणालो. "लोकायले शिस्तच नाही. फौजेत असती तं समजलं असतं."

दुपारी डॉक्टर बॅग घेऊन आमच्यासमोरून निघून गेले. मग माझा पारा चढला. खिडकीवर जाऊन टेबल बडवलं, "सकाळपासून बसून राहिलो आमी! नंबर काहून नाही लागला?"

"काका, तीनदा पुकारलं पेशंटले."

"कोणाले?"

खिडकीतल्या बाईनं कागद माझ्याकडे फिरवला. फोटो हिचा. आणि वर ते नाव, तांदळातलं.

पुढच्या आठवड्याची तारीख घेऊन मी खाली मान घालून परत आलो. हिला सांगितलं. तिनं आधी डोळे मोठे केले.

"म्हंजे ते बाई मीच व्हय?"

आणि हसू लागली. बसमध्ये बसलो तरी हसत होती. धाप लागायची, थांबायची, "चहा प्याले गेली असन" म्हणायची आणि पुन्हा हसायची. मूर्तिजापूर मागे पडल्यावर हसू थांबलं. खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तांदळातलं नाव तांदळातच राहू द्याचं होतं तुमी."

सहाव्या दिवशी सकाळी ती अंगणात तूर निवडत बसली होती. मी आत पुढच्या तारखेचे कागद लावत होतो, या वेळी नाव पाठ करून. आवाज दिला, "अवं, चष्मा कुठं ठेवला?" उत्तर आलं नाही. बाहेर आलो तर भिंतीला टेकलेली होती. सूप मांडीवर तसंच होतं, एक दाणाही सांडला नव्हता.

नंतर दवाखान्यातल्या डॉक्टरांना मी विचारलं, त्या दिवशी दाखवलं असतं तर? ते म्हणाले, "सांगता येत नाही काका." त्यांनी खरं तेच सांगितलं. मला त्यांनी खोटं बोलायला हवं होतं, इकडचं किंवा तिकडचं.

दिवस झाल्यावर तिचं नाव कार्डावरून कमी करायला आपल्या अमरावतीच्या दवाखान्यात गेलो. खिडकीतल्या बाईंनी कागद पाहिले आणि त्यांचा आवाज एकदम उतरला. "काका, मृत्यूच्या दाखल्यावर एक नाव अन् रेकॉर्डात दुसरं. आधी दुरुस्ती करा लागन, मंग कमी होईन. तुमीच तं सांगता साऱ्यायले."

प्रतिज्ञापत्राचा मजकूर मला तोंडपाठ. टायपिस्टला मी न अडखळता सांगितला: वरील दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असून ती व्यक्ती माझी पत्नी आहे.

"आहे का होती?" त्यानं विचारलं.

"आहे. नमुन्यात आहेच असते."

नोटरी म्हणाले, वाचून दाखवा. देवीचं नाव वाचलं. मग नदीचं. ते मी जन्मात तोंडानं घेतलं नव्हतं; आमच्याकडे नवरे घेत नाहीत. नोटरी म्हणाले, ऐकू नाही आलं. मी पुन्हा घेतलं, परेडवर हजेरी घेतात तेवढ्या मोठ्यानं. टायपिस्टचा हात थांबला.

वर्तमानपत्रात जाहिरात, अर्ज, जोडपत्रं, सगळं मी चार दिवसांत उरकलं. अडतीस वर्षांचं काम चार दिवसांचं होतं. दोन महिन्यांनी रेकॉर्डचं पत्र आलं: पत्नीच्या नावात दुरुस्ती मंजूर.

नाव कमी करायचा फॉर्म मी भरून ठेवला आहे. सुवाच्य अक्षर, एक खाडाखोड नाही. फक्त सही राहिली आहे. दवाखान्यात गेलो की खिडकीतल्या बाई विचारतात, "काका, तो फॉर्म?"

मी म्हणतो, होते ना. क्लार्क तर मीच हाओ.