सगळ्यांच्या वतीने ॲडलाइन

चहा चालता चालता प्यायची. चर्चमध्ये शेवटच्या बाकामागे उभी राहायची, पाय बदलत. जीभ आपोआप बाहेर येते हे कळू नये म्हणून तोंडात पेपरमिंट धरायची. फोनवर बोलताना टेबलाभोवती फेऱ्या मारायची. डावा हात कुठे टेकवलाच, तर त्यावर उजवा दाबून ठेवायची.

ॲडलाइन प्रिस्टुपाने कॅनडातल्या सस्कॅचवन प्रांतात, आमच्या गावात, सव्वीस वर्षं कर्लिंगच्या, म्हणजे बर्फावर जड दगड सरकवायच्या खेळासाठी बर्फ तयार केला. पाठीवर पाण्याची टाकी घेऊन मागे मागे चालायचं आणि बर्फावर थेंब शिंपडायचे, सगळीकडे सारखे. असा स्थिर हात आसपास कुणाचा नव्हता. मग पोटाच्या तक्रारीवर डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. तीन वर्षं घेतल्या. अंगाची ही चुळबुळ तेव्हा सुरू झाली, ती गोळ्या बंद केल्यावरही गेली नाही.

मी साहित्याची पदवी घेऊन गावी परतले होते. गोळ्या बनवणाऱ्या कंपनीवर दावा लावायचा होता, त्याबद्दलची वकिलांची पत्रं वाचून दाखवायला तिने मला बोलावलं. तशी आमची मैत्री झाली.

"खटला अजून सुरूच झालेला नाही," रेजायना शहरातल्या वकीलबाई नादीन म्हणाल्या. "सगळ्यांना मिळून एकच दावा लढता येईल का, एवढंच न्यायाधीश आधी ठरवणार. नाही म्हणाले, तर या गोळ्यांनी असं झालेली तीनशे माणसं एकेकटी पडतील. आणि एकेकटं कोणीच लढणार नाही."

सगळ्यांच्या वतीने पुढे उभं राहायला एक माणूस लागतं. ॲडलाइन उभी राहिली.

कंपनीने विचारलं, हीच गोळी चार कंपन्या बनवतात, तुम्ही आमचीच घेतली कशावरून? गावातलं औषधांचं दुकान कधीच बंद पडलं होतं, नोंदी सापडत नव्हत्या. कंपनीचं नाव असायचं बाटलीवरच्या चिठ्ठीवर. आणि आमच्याकडे चांगली बाटली कोणी टाकत नाही. ॲडलाइनने गरम पाण्यात बुडवून चिठ्ठ्या सोलल्या होत्या, बाटल्यांत शेपू, बीट, खसखशीचं बी भरलं होतं, आणि वसंतात चर्चच्या हॉलमध्ये बियांची देवघेव होते तेव्हा सगळ्या वाटून टाकल्या होत्या.

मग आम्ही दारोदार फिरलो.

"दिलेलं बी परत मागतेस? लाज नाही वाटत?" म्हातारा वॉल्टर दारातूनच ओरडला.

"बी ठेव तुझं तुला. तसंही तुझ्या वाफ्यात तणच उगवतं. बाटली दाखव."

त्याच्याकडची एक बाटली वेगळी निघाली. 'खसखस' लिहिलेली पट्टी जुन्या चिठ्ठीवरच चिकटवलेली.

"त्या दिवशी आळस केला होता मी," ती म्हणाली. नखाने पट्टी काढू लागली, पण बोटं ऐकेनात. मी काढली. खाली तिचं नाव, तारीख, आणि तीच कंपनी. तिने वॉल्टरच्या अंगणाला तीन फेऱ्या मारल्या.

"ही आता नाचणार की काय?" वॉल्टर मला म्हणाला.

सुनावणीआधी कंपनीच्या वकिलांनी घेतलेल्या उलटतपासणीला मी सोबत गेले होते. कंपनीचे वकील दोनदा म्हणाले, "बाई, बसा ना."

"तुमच्या गोळ्या बसू देतील तर बसते."

ॲडलाइनच्या जागी उभं राहू शकेल असं आणखी एक माणूस तयार ठेवायला नादीननी सांगितलं होतं. मूस जॉ गावची इलीन शाळेची बस चालवायची. दुखणं तेच, पण चार माणसांत तिचा आवाज फुटत नसे. "तिला मी शिकवते," ॲडलाइन म्हणाली.

सुनावणीला नऊ दिवस उरले होते. सकाळी ॲडलाइन अंगणात कोसळली. हृदय बंद पडलं. वॉल्टरने फोन केला. मी दोनदा विचारलं, कोण? ती थांबली, हे मला अजून पटत नाही.

नादीन एवढंच म्हणाल्या, "आता इलीनला उभं राहावं लागेल. नाहीतर सगळं इथेच संपलं."

मी ॲडलाइनच्या घरी गेले. टेबलावर वही उघडी होती. इलीनला उलटतपासणीत काय काय विचारतील, ते सगळं तिने वाकड्या अक्षरात लिहून काढलं होतं. अकरा प्रश्न, अकरा उत्तरं. बारावा प्रश्न होता, 'इतरांसाठी तुम्ही हे का करता?'

खाली लिहिलं होतं : 'इलीन, इथे घाबरू नकोस. सरळ सांग की'

पुढे पान कोरं.