चष्मा घरी राहिला

माझ्या नाकावर राग असतो असं माझा नवरा म्हणतो, आणि ते खरं आहे. सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्यात माझी वीस वर्षं गेली. माणसांच्या चुकाही दिसतात आणि दिसल्या की गप्प बसवत नाही. तरी शेजारच्या आंटींचं खोटं मला दोन वर्षं कळलं नाही, याचा मला अजून राग येतो, आणि तो माझाच येतो.

आंटी घानाच्या. इथे परदेशात, माउंट रॉस्किल उपनगरात, आमच्या दोन घरांमध्ये कमरेएवढं कुंपण आहे, त्याच्यावरून आमची ओळख झाली. त्यांची एकुलती एक मुलगी इथे नर्स आहे, तिनेच आईला आणलं. सत्तरी ओलांडलेली ही बाई तिकडच्या सिनेमातली नावाजलेली खाष्ट सासू होती, हे मला जवळच्याच अवोन्डेलच्या रविवारच्या बाजारात समजलं. मिरच्या विकणाऱ्या एका आफ्रिकन बाईने त्यांना बघून पिशवी मागेच घेतली. "त्या पोरीला घराबाहेर काढलंस तेव्हा मी दोन दिवस रडले होते," ती म्हणाली. आंटींनी कमरेवर हात ठेवून तिच्याकडे असं काही पाहिलं की तिने हसत हसत मूठभर मिरच्या जास्तच घातल्या.

बाकीचं कुंपणावर कळत गेलं. लहानपणी त्या आंबवलेल्या मक्याचे, पानात बांधून उकडलेले गोळे विकायच्या. गावोगाव फिरणाऱ्या एका नाटक कंपनीला ते पोचवायला जायच्या, आणि एकदा नटी आजारी पडली म्हणून यांनाच उभं केलं. पुढे तिकडे व्हिडिओवर सिनेमे निघू लागले. ते आठ-दहा दिवसांत उरकायचे, त्यामुळे संवाद कोण लिहीत बसणार? दिग्दर्शक सकाळी नुसता प्रसंग सांगायचा, सून उशिरा आली आहे आणि तू दार उघडत नाहीस. बोलणं ज्याचं त्याने कॅमेऱ्यासमोर रचायचं. "माझ्याएवढं चांगलं भांडण कुणाला रचता येत नव्हतं," आंटी सांगायच्या. अशी चाळीस वर्षं भांडून त्यांनी एकटीने मुलीला शिकवलं.

ती मुलगी मात्र आईवर वैतागलेली असायची. तिच्या ड्युटीच्या वेळा विचित्र, दोघींची गाठ कमी पडायची, म्हणून ती फ्रिजवर चिठ्ठ्या लावून जायची. "मम ऐकतच नाही," ती एकदा मला म्हणाली. "मी सगळं लिहून ठेवते. ती ढुंकून बघत नाही. तिला बहुतेक इथे राहायचंच नाहीये."

आंटींना बसून राहणं जमत नव्हतं हे खरं होतं. "मी काही रिटायर झालेली नाही. मला कुणी बोलावलेलं नाही, एवढंच," असं त्या ठणकावून सांगायच्या. म्हणून फिल्मचा कोर्स केलेल्या एका मुलीला शॉर्ट फिल्मसाठी आफ्रिकन आजी हवी आहे असं कळल्यावर मी त्यांना गाडीत घालून ऑडिशनला नेलं.

तिथे त्यांच्या हातात कागद दिला. "चष्मा घरी राहिला, डार्लिंग," त्या म्हणाल्या. "तू मला प्रसंग सांग." एका आजीला तिचं राहतं घर सोडायला सांगतात आणि ती नाही म्हणते, असा प्रसंग होता. आंटींनी तो ऐकला आणि स्वतःच्या शब्दांत अशा काही बोलल्या की खोलीत कुणी हललं नाही. काम मिळालं. फक्त त्या मुलीने बजावलं की शूटिंगला लिहिलेलंच बोलायचं, दर टेकला तेच शब्द.

परत येताना मी म्हटलं, "आंटी, चष्मा तर पर्समध्येच आहे. मघाशी लिपस्टिक काढताना दिसला मला."

त्या खिडकीबाहेर बघत बसल्या. मग मला एकेक आठवायला लागलं. केमिस्टचं पत्र माझ्या हातात देऊन 'जरा बघ' म्हणणं, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात डबा उचलून यात काय आहे असं दुकानदारालाच विचारणं.

"तुम्हाला वाचता येत नाही?"

"नाही."

"आणि मुलीला हे ठाऊक आहे?"

"तिला माहीत नाही. आणि तू सांगणार नाहीस."

मी शिकवते म्हटलं. त्यांनी मान हलवली. "वाचायला शिकायला वर्ष लागेल. शूटिंग तीन आठवड्यांवर आलंय. माझ्याकडून ही अकरा वाक्यं पाठ करून घे."

मग रोज संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरात आम्ही बसलो. मला पाठांतराची एकच रीत ठाऊक, पाढ्यांची. मी म्हणायचं, त्यांनी म्हणायचं, हात लसूण सोलण्यात गुंतलेले. पण आंटी तिसऱ्या वाक्यापर्यंत सरळ यायच्या आणि पुढे आपल्या पदरच्या दोन शिव्या घालायच्या.

"आंटी, लिहिलंय तेवढंच!"

"लिहिणारीला भांडता येत नाही, त्याला मी काय करू?"

मी चिडायचे, त्या माझ्याहून जास्त चिडायच्या. दोनदा लसूण तसाच टाकून घरी गेल्या आणि दुसऱ्या दिवशी सहाच्या ठोक्याला परत हजर. तिसऱ्या आठवड्यात अकराच्या अकरा वाक्यं त्यांनी कुठेही न अडखळता म्हटली. मला उगाचच रडू आलं.

शूटिंग अवोन्डेलमधल्या एका जुन्या सरकारी घरात होतं. मी रजा काढून गेले. आंटी खुर्चीवर बसल्या, लाइट लागले, आणि ती दिग्दर्शक मुलगी नवा कागद घेऊन आली. "सॉरी आंटी, शेवट थोडा बदललाय. दहा मिनिटं घ्या, चालेल ना? स्वीट अ‍ॅज?"

आंटींनी कागद घेतला. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं शिकलेली मी. ताबडतोब पुढे झाले. "त्यांचा चष्मा घरी राहिलाय. मी वाचून दाखवते ना."

आंटींनी पर्स उघडली, चष्मा काढला आणि डोळ्यांवर चढवला. मला वाटलं, आता संपलं सगळं.

"चष्मा आहे," त्या दिग्दर्शक मुलीला म्हणाल्या. "मला वाचता येत नाही. कधीच येत नव्हतं. तू दोनदा वाच. तिसऱ्यांदा मी म्हणते."

दिग्दर्शक मुलगी स्टूल ओढून त्यांच्या गुडघ्याशी बसली आणि तिने दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा आंटी बोलल्या. एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. मला माझी लाज वाटली. त्यांच्यावर काही डाग असल्यासारखा मीच तो झाकायला धावले होते.

गाडीत मी विचारलं, "का सांगितलंत?"

"तुझं ऐकून. मी जन्मभर तेच वाक्य बोलत आले, पण बाहेरून कसं ऐकू येतं ते आज कळलं. फार वाईट अभिनय होता तुझा."

दुपारी घरी पोचल्यावर त्यांनी मला आत बोलावलं आणि ड्रॉवरमधून चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला. "मुलीच्या हातचं आहे, टाकवत नाही," त्या म्हणाल्या. "वाच."

मी वाचत गेले. मम, हीटर बंद कर. मम, कचऱ्याची बिन मंगळवारी बाहेर ठेव. मम, तिसऱ्यांदा लिहितेय, बिन. मम, भात ओव्हनमध्ये आहे, उपाशी झोपू नकोस. आंटी हसत होत्या. पुढची चिठ्ठी मी आधी मनात वाचली आणि थांबले.

"वाच."

"मम, तुला इथे आणून मी चूक केली का? समोर विचारायचा धीर होत नाही. रागावली असशील तर तसं सांग."

आंटींनी चिठ्ठी माझ्या हातातून घेतली आणि धरून बसल्या. मी उठायला लागले तर म्हणाल्या, "बस. मला एकटीला जमणार नाही."

चार वाजता मुलगी ड्युटीवरून आली. पसरलेल्या चिठ्ठ्या बघून ती दारातच थांबली. आंटींनी हातातली पुढे केली.

"मला वाचता येत नाही," त्या म्हणाल्या. "तू लिहिलेलं मी काहीच वाचलेलं नाही. हे तोंडाने विचार."

मुलीने कागद पाहिला. मग तिने त्यांच्या भाषेत अगदी लहान आवाजात विचारलं. मला भाषा येत नाही, पण प्रश्न माहीत होता. आंटींनी नकारार्थी मान हलवत एका शब्दात उत्तर दिलं. मग तोच शब्द पुन्हा, आणि पुन्हा, काहीही न बदलता.