थोबेकिले पडली ती जागा

आमच्या डोंगरातून तालुक्याच्या कोर्टाला जाणारी टॅक्सी एकच. त्यामुळे दर तारखेला माखोझा आणि लिंडानी एकाच टॅक्सीतून जायची. माखोझा पुढे बसायची, लिंडानी मागे बसायचा, आणि मधले आम्ही सगळे खिडकीबाहेर बघत. तिची पोर थोबेकिले याच्या गाडीखाली गेली हे गावात पोराटोरांनाही ठाऊक होतं, पण तोंडावर कोण बोलणार?

लिंडानीचं म्हणणं, मी धडक दिलीच नाही. थोबेकिले रस्त्यात पडलेली दिसली, म्हणून उचलून दवाखान्यात नेली. तिथे पोहोचेपर्यंत पोर गेली होती. याच्या तोंडाला दारूचा वास येत होता, म्हणून पोलिसांनी रक्त काढून शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवलं. ते रक्त बहुतेक पायी निघालं असावं. रिपोर्ट नाही, पुढची तारीख. रिपोर्ट नाही, पुन्हा तारीख.

माखोझा माझी शेजारीण, म्हणून मी सोबत जायची. बाई गवताच्या चटया विणून विकायची, आणि कुणी भाव पाडून मागितला की म्हणायची, "मग भुईवरच नीज की!" त्या वर्षात तिची जीभ थकली. चटई अर्धी विणून तशीच पडायची.

लिंडानी तुरुंगात जातो की नाही, याचं तिला फारसं काही नव्हतं. आमच्यात माणूस जिथे पडला तिथून त्याचा जीव काटेरी बोरीच्या फांदीवर घरी आणावा लागतो. घरात पुरुष उरला नव्हता, फांदी तीच धरणार होती. पण जागा कोणती? मातीचा एवढा लांब रस्ता, आणि जागा ठाऊक एकट्या लिंडानीला. तिनं दवाखान्यातून जीव आणून पाहिला. तरी तिच्या धाकट्या मुलीच्या स्वप्नात थोबेकिले रस्त्यावरच उभी असायची, एका पायात चप्पल नसलेली.

एकदा कोर्टाच्या पायरीवर माखोझानं त्याला गाठलं.

"तुरुंगाचं कोर्ट बघेल. तू मला जागा दाखव."

"मावशी, वकील म्हणतो, तोंड उघडलंस की गेलास आत."

"वकिलाची पोर रस्त्यावर उभी आहे का रे?"

तो मान खाली घालून निघून गेला.

शेवटी न्यायाधीश साहेबही कंटाळले. रिपोर्ट आल्यावर बघू म्हणून खटला काढून टाकला. लिंडानी सुटला. परतताना टॅक्सीत त्याचं अभिनंदन कुणी केलं नाही. माखोझाच्या मांडीवर नेहमीसारखी फांदी होती. नदीपलीकडचा चढ लागला आणि मागून आवाज आला, "भाऊ, थांबव."

लिंडानी उतरला, कोरफडीच्या झुडपांपाशी जाऊन उभा राहिला.

"इथं. मी प्यायलो होतो, मावशी. ती कडेलाच होती. मीच कडेला गेलो." आणि तो रडायला लागला.

माखोझानं त्याला उत्तर दिलं नाही. फांदी धरणाऱ्यानं मेलेल्याखेरीज कुणाशी बोलायचं नसतं. तिनं फांदी जमिनीला टेकवली. "थोबेकिले, चल बाळ, घरी जायचं. गाडीत चढताना डोकं सांभाळ." टॅक्सीत शेजारच्या जागेवर तिनं कुणाला बसू दिलं नाही. एरवी सगळ्यांवर खेकसणारा ड्रायव्हर गपगुमान थांबला होता.

धाकटीची स्वप्नं थांबली. चटया पुन्हा पुऱ्या होऊ लागल्या. आणि आता कुणाला नको असताना रिपोर्ट आला. खटला पुन्हा उभा राहिला. गाडी चालवणाऱ्याच्या रक्तात दारू होती हे कागदानं सांगितलं, पण धडक त्यानंच दिली हे सांगायला माणूस हवा होता. टॅक्सीतल्या कुणालाच म्हणे काही ऐकू गेलं नव्हतं. राहिली माखोझा.

मी तिला म्हटलं, "अगं, त्यानं आपणहून जागा दाखवली. गप्प राहा ना."

"पोर घरात आलीय. तिच्यासमोर खोटं बोलू?"

तिनं सगळं सांगितलं, एकही शब्द वाढवून नाही. लिंडानीला पाच वर्षांची शिक्षा झाली. मला त्याचं वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचा रागही आला.

बाहेर त्याची आई, माझुंगु, वाट अडवून उभी होती. "त्यानं तुझी पोर तुला दिली गं! आणि तू माझा पोरगा नेलास?"

माखोझानं खांद्यावरच्या शालीची गाठ सोडली, पुन्हा बांधली. भांडायचं त्राण तिच्यात नव्हतं.

"तुझा पायांनी चालत घरी येईल," ती म्हणाली, आणि टॅक्सीत जाऊन बसली.