अंबादासचे सात वार

“डालो, और डालो! इत्ता बडा आदमी बैठा है, उसका पत्ता खाली कायको?” अंबादास ओरडत होता. हैद्राबादेतली आंध्र पद्धतीची खानावळ, भर दुपार, आणि वाढपी तेलुगूखेरीज एक अक्षर न कळणारा. अंबादासची हिंदी तशीही पिंपळगाव रेणुकाईच्या शिवेबाहेर कुणाला कळत नव्हती, पण त्याच्या आवाजाला भाषा लागत नसे. वाढपी घाबरला आणि त्यानं माझ्या केळीच्या पानावर भाताचा असा डोंगर रचला की समोर बसलेला अंबादास मला दिसेनासा झाला. डोंगरामागून नुसता आवाज येत होता... तूप टाका, वरण टाका, ती अंबाडीची लाल चटणी टाका. मी निम्मा डोंगर उपसला तेव्हा कुठं पलीकडं त्याचा चेहरा उगवला. त्याच्यापुढं पान नव्हतं. दोन केळी होती, सालीसकट.

तो अंबादास गेल्या महिन्यात वारला. बातमी आली तेव्हा मी आमच्या बियाणं कंपनीत, नवीन जालन्याच्या हपिसात, हायब्रीड ज्वारीचे दाणे ओल्या कागदावर मांडत होतो. शिपाई दारातून म्हणाला, “साहेब, अंबादासराव गेले.” मी शंभर दाणे पुरे मांडले आणि मगच उठलो. कुणाला हे निर्दयपणाचं वाटेल. वाटू द्या. सात वर्षं त्या माणसाशी माझं वैर होतं आणि ते एकाच प्रश्नावरून होतं. हैद्राबादच्या त्या आठवड्यात तो माझ्यासोबत का जेवला नाही? त्याचे उपास खरे होते की मी बाटवीन ही भीती खरी होती? मेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहावं म्हणतात. ते ज्यांना जमतं त्यांनी लिहावं. मला हा प्रश्न सोडून अंबादासबद्दल काही लिहिता येत नाही.

दुष्काळाच्या आदल्या वर्षी कंपनीनं आम्हा दोघांना बियाणं तपासणी शिकायला हैद्राबादला पाठवायचं ठरवलं. सोमवार ते रविवार, सात दिवस. दुपारी दीड तास सुट्टी. या दीड तासानं आम्ही दोघं महिनाभर झपाटलो. कंपनीचा ड्रायव्हर हसनभाई हैद्राबादेत वाढलेला. तो टेम्पोच्या फळीवर बसून सांगायचा आणि अंबादास लिहून घ्यायचा. लिहायचा कशावर, तर उगवणीच्या छापील तक्त्यावर. जिथं वाणाचं नाव लिहायचं तिथं जेवणाचं नाव, आणि जिथं चौथ्या दिवशीची उगवण तिथं ‘चव’. सोमवारी इराण्याचा खिमा. मंगळवारी आंध्र खानावळ. बुधवारी बिर्याणी. गुरुवारी उडुप्याचा दोसा. शुक्रवारी मारवाड्याची दालबाटी. शनिवारी सिकंदराबादला चिन्याचं हॉटेल, कारण हसनभाईनं तिथल्या शेवया एवढ्या लांब असतात म्हणून सांगितलं की एक टोक तोंडात धरून माणूस रस्ता ओलांडू शकतो. आणि रविवारी काचीगुड्याची मराठी खानावळ. ती अंबादासनं घातली. म्हणाला, “सहा दिवस परदेशात काढल्यावर सातव्या दिवशी घरी यावं माणसानं.” महिनाभरात त्यानं तक्ता नऊ वेळा फाडला आणि नऊ वेळा लिहिला. बिर्याणी बुधवारी की शुक्रवारी, यावर आम्ही इतके भांडलो की साहेबांना वाटलं कंपनीत युनियन निघाली.

या महिनाभरात उपासाचा एक शब्द नाही. हे ध्यानात ठेवा.

सोमवारी इराण्याच्या दारात मी आत शिरलो आणि मागं पाहिलं तर अंबादास कपाळावर हात मारून उभा. म्हणाला, “यशवंता, आज सोमवार. महादेवाचा. तू जेव.” मला वाईट वाटलं त्याच्यासाठी, शपथेवर सांगतो. खिमा मी एकट्यानं खाल्ला आणि तो समोर बसून केळी सोलत विचारत राह्यला, कसं लागतं, तिखट लागतं का, मिरी लागती का, आणि ऐकून ऐकून तक्त्यात लिहीत राह्यला. मंगळवार देवीचा निघाला. बुधवार विठोबाचा. गुरुवार दत्ताचा, शुक्रवार लक्ष्मीचा, शनिवार मारुतीचा. रविवारी काचीगुड्याला, जिथं बोर्डावर शेवग्याची आमटी लिहिलेली होती आणि त्याच्या घशाचा मणी नुसता खालीवर होत होता, तिथं त्यानं खंडोबा काढला. एकही देव सुट्टीवर नव्हता.

आता तुम्ही म्हणाल, तुला मंगळवारीच कसं कळलं नाही? तर नाही कळलं. आम्ही छप्पन साली बौद्ध झालो तेव्हा मी पोरसवदा होतो. माझ्या बापानं देव्हारा उचलून बाहेर ठेवला आणि देवांबरोबर त्यांचे वारही आमच्या घरातून गेले. कुठला वार कुणाचा, कुणाला किती उपास लागतात, याचा हिशेब आमच्याकडं कुणी ठेवलाच नाही. मला वाटलं, असतील बुवा यांचे सात दिवस सात देव. बिचाऱ्या अंबादासला एकही दिवस मोकळा मिळत नसेल. सात दिवस मी त्याची कीव करत जेवलो... मारवाड्याकडं तर मी त्याच्या वाटच्याही दोन बाट्या खाल्ल्या, तो दुःखी दिसत होता म्हणून. संध्याकाळी तो काचीगुड्याला त्याच्या गावच्या माणसाकडं मुक्कामाला जायचा आणि मी शिबिरात. तिथं तो काय खात होता ते महादेवाला माहीत.

घरी आलो आणि मायला सगळं सांगितलं. हात पसरून, आवाज काढून सांगितलं. चिन्याच्या शेवया मी मोजून साडेचार वाव सांगितल्या. माय हसली न्हाई. तिनं एवढंच विचारलं, “तो काय खायचा समोर बसून?” मी म्हणालो, केळी. “कापलेली का सालीची?” सालीची. माय पुन्हा भाकरी थापायला लागली. म्हणाली, “सालीच्या फळाला काही लागत न्हाई, बाबा. आमच्या वक्ताला पाटलीण बी आमच्या हातचं केळं घ्यायची. सोललेलं न्हाई घ्यायची.”



दुसऱ्या दिवशी मी हपिसात गेलो तो भांडायलाच. दुपारी गोदामात सगळे डबे उघडून बसले होते. मी अंबादाससमोर उभा राहिलो आणि म्हणालो, “तुझ्या डब्यातली भाकर अर्धी तोड. अर्धी मी खातो, अर्धी तू खा. इथं, सगळ्यांसमोर.” अंबादासनं डबा झाकला. म्हणाला, “आज चतुर्थी हाय.” गोदामात असं हसू फुटलं की थप्पीवरची चार पोती खाली आली. मी म्हणालो, चतुर्थी आहे तर डबा कशाला आणला? तो लाल झाला. त्याचा तो लाल चेहरा मला अजून दिसतो. “रेणुकेची आण घेऊन सांगतो यशवंता, माझे उपास खरे होते. तू मनात काही घेऊ नको.” मी म्हणालो, तुझ्या रेणुकेला तूच सांभाळ.

त्या दिवसापासून मी त्याला ‘सातवार’ म्हणायला लागलो. पंधरा दिवसांत सगळं नवीन जालना म्हणायला लागलं. टपालवाला पाकिटावरचं नाव वाचून विचारायचा, सातवार इथंच का? त्यानंही काही कमी केलं न्हाई. माझ्या उगवणीच्या ट्रेमध्ये त्यानं एकदा भाजलेली ज्वारी मिसळली असा माझा आजही वहीम आहे, कारण शंभरातून अकरा दाणे उगवण्याइतका मी नालायक नव्हतो. मी त्याच्या खुर्चीवरचा पंखा माझ्याकडं वळवायचो. तो खिडकी लावायचा. मी उघडायचो. त्या खिडकीच्या बिजागऱ्या सात वर्षांत तीनदा बदलल्या. तो गोदामामागं जाऊन एकटा डबा खायचा, मी गेटपाशी एकटा. ज्या दोन माणसांनी महिनाभर डोकं लावून सात जेवणं ठरवली, त्यांनी पुन्हा एकमेकांना घास घेताना पाहिलं न्हाई.

आणि कहर ऐका. पिंपळगावचा एक शेतकरी बियाणं घ्यायला आला आणि म्हणाला, तुमच्या अंबादासरावांनी हैद्राबादेत काय काय खाल्लंय हो, पारावर बसून सांगतात तेव्हा गावाच्या तोंडाला पाणी सुटतं. मी चौकशी केली. खिम्यातली मिरी, गोंगुऱ्याचा, म्हणजे त्या अंबाडीच्या चटणीचा, आंबटपणा, बिर्याणीतला तळाचा खरपूस भात... शब्द न् शब्द माझा. माझ्या जिभेची चव त्या माणसानं सात वर्षं स्वतःच्या नावावर पारावर वाटली. चिन्याच्या शेवया तर त्यानं सहा वाव केल्या होत्या. मी सुद्धा इतकं खोटं बोललो नव्हतो.

कधी कधी वाटायचं, इराण्याच्या दारापर्यंत तो जेवायलाच आला होता. नऊ तक्ते फाडणारा माणूस पहिल्यापासून खोटं कसं योजील? दारात त्याला कुणी गाववाला दिसला का, की नुसतं माझ्याशेजारचं रिकामं बाकडं दिसलं... की खरंच महादेव आठवला? असं मनात आलं की मी लगेच खिडकी उघडायचो.

दहावा झाल्यावर मी पिंपळगावला गेलो. का गेलो, विचारू नका. हपिसातले सगळे आधीच जाऊन आले होते. अंबादासची बायको, सुलोचनावैनी, ओसरीवर तूर निवडत बसल्या होत्या. त्यांनी मला पहिल्यांदाच पाहिलं. नाव सांगितलं तर म्हणाल्या, हां, हैद्राबादवाले. बसा म्हणाल्या. मी बसलो. त्याच्या आजाराचं विचारलं, पोरांच्या शाळेचं विचारलं, पावसाचं विचारलं. सूपभर तूर निवडून झाली, तरी मी तिथंच. शेवटी विचारलं, “वैनी, अंबादास उपास कोणकोणते धरायचा?”

वैनींनी सुपातला खडा उचलून बाजूला टाकला.

“उपास? एक बी न्हाई. त्यांना घडीभर बी भूक सोसायची न्हाई.”