तेवीस नंबरची माय

मी तिसरी पास. पण आकडे माझे छापल्यासारखे येत. ऑफिसात बडे बाबू म्हणायचे, "तुझा आकडा पाहिला की दगड पन उठून हजेरी देईन." त्या आकड्यांपायीच मला ते काम मिळालं.

आपला चांदा जिल्हा तेव्हा अजून नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रदेशात होता. मी आमच्या गावच्या नगरपालिकेत चपराशी. रस्ते रुंद करताना, बोड्या म्हणजे लहान तळी खोदताना जुने कोरीव दगड निघत. कमिटीनं ठराव केला की हे सगळे एका जागी जमा करायचे, त्यांचं रजिस्टर ठेवायचं आणि दर साली तपासणी करायची. ऑफिसच्या मागं कवेलूच्या छपराची पडवी होती. तिथं भिंतीला टेकवून सदतीस दगड उभे केले. कोणी घोड्यावरचा वीर, कोणी नुसतं तुटकं पाऊल. पांढऱ्या ऑइलपेंटनं नंबर मी घातले. दारातून एका नजरेत वाचता यावेत म्हणून सगळे पुढच्या बाजूला, ठळक. त्याचा मला फार अभिमान होता.

तेवीस नंबरचा दगड सावली गावाच्या वाटेवरच्या एका खेड्यातून बैलबंडीत घालून आणला होता. मोहाच्या झाडाखाली उभा होता, सडकेच्या आड आला. बाईची मूर्ती, पण नाकडोळे झिजून सपाट झालेले. नंबर मी तिच्या कपाळावर घातला, कारण तेवढीच जागा गुळगुळीत होती.

महिनाभरानं एक म्हातारी आली. हातात तेलाची शिशी, पदराला शेंदराची पुडी.

"भाऊ, आमची माय इथी आनली म्हनते?"

"इथं माय नाई, बाई. इथं सरकारी दगड हायत."

ती सरळ आत गेली आणि तेवीस नंबरसमोर बसली. तिच्या सुनेची दोन लेकरं जन्मताच गेली होती. तिसऱ्यांदा दिवस राहिले होते. लेकरू हाती येईपर्यंत दर मंगळवारी मायला शेंदूर लावीन, असा नवस ती बोलली होती. दगडांना कोणी हात लावू नये अशी पाटी मीच टांगली होती. तरी मी म्हटलं, "मागच्या फाटकानं येत जाजा. अन् कोनाले सांगू नका."

ती चार कोस चालत यायची. एवढ्या वाटेनं आली तरी आधी पडवी झाडायची, मग मायजवळ बसायची. मला विचारायची, "पाऊस आत येते का? उंदीर फिरते का?" कमिटीतल्या कोणी कधी हे विचारलं नाही. शेंदराचे थर चढत गेले. एक दिवस तिनं पितळेचे दोन डोळे आणून बसवले. मग त्या दगडाला तोंड आलं. खरं सांगतो, सकाळी पडवी उघडली की माझी नजर आधी तिकडं जायची.

भादव्यात तपासणीचे साहेब आले. एका सोमवारी. बडे बाबू रजिस्टरातून नंबर पुकारत आणि साहेब दगड पाहत. बावीस झाला. तेवीस दिसेना.

"तेवीस कुठे आहे?"

सांगावं तर पाटी टांगून मीच बाईला आत घेतलं हे उघडं पडणार.

बाबूंना सारं ठाऊक होतं. ते हळूच म्हणाले, "साहेब, तो शेंदराचा दगड तोच आहे. खाली नंबर आहे."

साहेब हसले. "असेल. किंवा तुमचा माणूस घालायला विसरला असेल. लिहा, नंबर आढळला नाही."

तेवढंच. ओरडले नाहीत, मेमो देतो म्हणाले नाहीत. पण मी विसरलो? माझा आकडा आढळला नाही? अंगाची आग झाली. "हाय साहेब, दाखवतो," म्हणून मी कोपऱ्यातलं खुरपं उचललं. बाबू म्हणाले, "अरे राहू दे." मी ऐकलं नाही. वरून खाली तीन हात ओढले. शेंदराची खपली ढलपीसारखी निघाली. डोळे टणटण करत फरशीवर पडले. कपाळावर तेवीस निघाला, तेलानं गुलाबी झालेला, पण एकही रेघ बिघडली नव्हती.

साहेबांनी बरोबरची खूण केली आणि चोविसाकडं वळले.

संध्याकाळी मी पडवी झाडली. निम्मा शेंदूर कचऱ्यात गेला. तेव्हाही मला काही वाटलं नाही. नंबर निघाला याच तोऱ्यात होतो.

दुसऱ्या दिवशी मंगळवार. बाई आली, दारातच थांबली.

"भाऊ, हे कोनं केलं?"

"साहेबानं," मी म्हटलं.

ती खाली बसली. भिंतीच्या कडेला उरलेल्या खपल्या एकेक वेचून पदरात घेतल्या. डोळे मी खिडकीत ठेवले होते, तेही घेतले.

"कुठी नेता, बाई?"

"नदीत सोडतो. पायाखाली नाई येऊ देवाचं."

निम्मं मी कचऱ्यात टाकलं होतं, ते तिला सांगितलं नाही.

पुढचा मंगळवार रिकामा गेला. त्याच्या पुढचाही. मी फाटकाची कडी काढून बसायचो. मग एक दिवस दगड ओढून फिरवला, मागच्या अंगाला तेवीस घातला आणि कपाळावरचा रॉकेल लावून पुसून काढला. धानाची कापणी चालू असताना तिच्या गावी गेलो. माफी मागायची सवय मला नव्हती, आजही नाही. तिच्या आंगणात उभं राहून म्हटलं, "बाई, नंबर आता मागं घातला. पुढं काई नाई. या मंगळवारी या."

सून ओसरीवर लेकराला घेऊन बसली होती. लेकरू धडधाकट होतं, रडत होतं. म्हातारीनं मला पाणी दिलं.

"मागं घालता येत होता, तं पयलेच काऊन नाई घातला, भाऊ?"

मी लोटा खाली ठेवला.

"अन् साहेब खुरपं धरते का?" ती म्हणाली. रागानं नाही, थकलेल्या आवाजात. "जाऊ द्या. लेकरू मी चिमूरच्या देवाले दाखवून आनलं. मायले काय म्हनून दाखवू? थे आता तुमच्या वहीत हाय."

मी परत आलो. त्या सालच्या शेऱ्यात साहेबांनी लिहिलं होतं की दगड स्वच्छ, नंबर स्पष्ट. बाबूंनी वाचून दाखवलं. ते हसले नाहीत.

मी नोकरीत असेपर्यंत त्या दगडाला कोणी शेंदूर लावला नाही. बाजारातून पुडी आणून मी दोनदा पडवीत गेलो. दोन्ही वेळा त्या सपाट तोंडापुढं उभा राहिलो आणि पुडी खिशात घालून बाहेर आलो.