काळीपिवळीची शेवटची खेप

गोव्याला चला असं मला कोणी विचारलं नाही, सांगितलं. पुण्याहून मुलाचा फोन आला, "बाबा, तिकिटं काढली. तुमी आन् आई शनिवारी मानवत रोडहून रेल्वेत बसा. पुण्याहून पुढं माझ्या गाडीनं जाऊ."

"शनिवारी माझा नंबर हाय," मी म्हणालो.

"दुसऱ्याला द्या की एकदा."

पोरगा शिकून पुण्यात नोकरीला लागला आणि स्टँडचा कायदा विसरला. पाथरी ते मानवत ही वाट मी इतकी वर्षं काळीपिवळी जीपनं तुडवली, पण लग्न आणि मयत सोडून नंबर कधी दुसऱ्याला दिला नाही. आमच्याकडं जिपा नंबरानं सुटतात. सीट भरल्याशिवाय गाडी हलत नाही. सीट भरेपर्यंत बाकीचे पत्ते खेळायचे, मी स्टेअरिंगवर पुस्तक उघडून बसायचो. वाचायची आणि पुढं चार ओळी खरडायची सवय मला तिथंच लागली. समुद्र बघायला नंबर सोडणारा आमच्या स्टँडवर मी पहिलाच निघालो. मागच्या नंबरवाल्या दोस्तानं हात चोळले आणि म्हणाला, "जा भाऊ, बिनघोर जा. गाडीची काळजी करू नका." तो इतका प्रेमानं का बोलतोय, असं तेव्हा मनात आलं नाही. आपला माणूस गोड बोलला की आपण चहा सांगतो. मीही सांगितला.

आमच्या स्टँडची एक रीत आहे, ती आधी सांगतो. कोणी जीप विकली किंवा मोडीत काढली, की जाण्याआधी तिची शेवटची खेप निघते. त्या दिवशी पहिला नंबर तिचाच. भाडं कोणाकडून घ्यायचं नाही. बॉनेटला झेंडूचा हार, काचेला गुलाल. वाटेत जिथं जिथं इतकी वर्षं थांबलो तिथं गाडी उभी करून उतरायचं. चहावाल्याला, पंक्चरवाल्याला, फाट्यावरच्या म्हाताऱ्यांना "येतो बरं का" म्हणायचं. मानवतला पोचलं की किल्ली आपल्या हातानं नव्या मालकाच्या हातात ठेवायची आणि दुसऱ्याच्या जीपमध्ये मागं बसून, सवारी होऊन परत यायचं. तोंडात सदा शिवी असलेली माणसं त्या परतीच्या वाटेवर टॉवेलात तोंड घालून बसलेली मी पाहिलीत.

माझीही वेळ जवळ आली होती, हे मला कळत होतं. साखर वाढलेली, दिवेलागणीला समोरच्या गाडीचा उजेड फुटून दिसायचा. मुलगा दर फोनला म्हणायचा, विकून टाका. कागदावर जीप त्याच्याच नावावर होती. तो मोठा झाला तेव्हा मीच हौसेनं करून दिली होती. बायकोला मी एकदा नाही, शंभरदा सांगितलं होतं, "विकीन. मी काय ती छातीवर घेऊन जाणार न्हाई. पण शेवटची खेप मी करणार. तेवढं माझं ऱ्हाऊ द्या." ती म्हणायची, "बरं." माझ्याकडं एक किल्ली असायची आणि दुसरी तिच्याकडं, डाळीच्या डब्यात. ती मीच तिला ठेवायला दिली होती. स्टँडवरच्या कुठल्या बापाच्या हाती दिली नसती.

निघायच्या आदल्या दिवशी मी खेपा करून घरी आलो. तिनं वांग्याचं भरीत केलं होतं, भाकरी तव्यावरून थेट ताटात. समोर बसली आणि म्हणाली, "आज गाडीत कोण कोण बसलं होतं?"

"कोण असणार? नेहमीचेच."

"तरी बी. पुढं कोण होतं?"

"अगं, जेवू दे की. तू काय पोलीस हायस का?"

तिनं ताटात आणखी भरीत वाढलं. मी आणखी अर्धी भाकरी मागून घेतली.

गोवा चांगला आहे, उगाच नावं ठेवत नाही. पण समुद्राला बघून बघून माणूस किती बघणार? दुसऱ्या दिवशी मुलगा म्हणाला, "उद्या अर्धा दिवस बग्गी चालवायला जाऊ." मला वाटलं, वरातीतली घोड्याची बग्गी. म्हटलं, आमच्या लग्नात ती झाली नाही, आता म्हातारपणी कशाला? तर निघाली भलतीच. दोन माणसांची उघडी गाडी, चारही चाकं जाडजूड, वर नुसत्या लोखंडी नळ्या. दार नाही, काच नाही. जंगलात, चिखलात, ओढ्यात घालायची म्हणून मुद्दाम बनवलेली. आमच्याकडं लोक चिखल चुकवायला पैसे देतील. इथं चिखलात जायला रांग लागली होती.

तिथल्या शेडमध्ये सगळ्यांचे फोन मुलानं गोळा केले आणि कपाटात ठेवून कुलूप घातलं. "पाण्यानं खराब होतील," म्हणाला. मग एक बग्गी त्यानं घेतली आणि दुसरी आमच्याकडं दाखवली. "बाबा, ही तुमी चालवायची. आई तुमच्या शेजारी बसंल."

आता यात विशेष काय, असं वाचणाऱ्याला वाटेल. विशेष हे, की माझी बायको माझ्या शेजारी पुढं कधी बसलीच नव्हती. जीपमध्ये पुढं माझ्याशेजारी चौघं दाटायचे आणि ते चारही भाड्याचे. घरच्या माणसानं पुढची सीट अडवायची नसते. ती माहेरी निघाली तरी मागच्या फाळक्याशी, कोणाच्या तरी कोंबड्या मांडीवर घेऊन बसायची. त्या दिवशी तिनं नऊवारी नेसावी तशी साडी खोचली, पदरावर हेल्मेट घातलं आणि माझ्या बाजूला बसली. पट्टा कसा लावायचा ते मी दाखवलं. इतकी लाजली, की मीच दुसरीकडं बघितलं.

बग्गीला ना गियर, ना क्लच. नुसता पाय द्यायचा. मनात म्हटलं, ही गाडी आहे का पाळणा? पण काजूच्या झाडांतून वाट खाली उतरली, पहिला चिखल लागला आणि माझं अंग जागं झालं. तिथली माती तांबडी. आमच्या काळ्या मातीसारखी ती धरून ठेवत नाही, पाण्यानं लगेच सोडते. आमच्याकडं पावसात रस्त्याच्या खाली एक चाक गेलं तर अर्धं गाव दोर घेऊन येतं. इथं चाक घसरलं, मी स्टेअरिंग सैल सोडलं, पुन्हा धरलं, गाडी सरळ. पुढं वाट दाखवणारा गोव्याचा माणूस होता. त्यानं मागं वळून अंगठा वर केला. मी ओढ्यात गाडी घातली, पाणी डोक्यावरून उडालं आणि शेजारून बायकोचं हसू ऐकू आलं. इतकं मोठ्यानं हसताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं.

"लय पळवू नका!" म्हणाली आणि माझ्या दंडाला घट्ट धरलं.

खोटं कशाला बोलू? इतका आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता. वाटलं, संसारात तिला काही दिलं नाही, आज पुढची सीट दिली. एकदा वळून बघितलं तर तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. "काय झालं गं?" विचारलं. "चिखल गेला," म्हणाली. माझा विश्वास बसला. न बसायला काय झालं होतं?

अर्ध्या वाटेवर एक झरा होता, तिथं थांबलो. त्या माणसानं कोकमाचं सरबत दिलं. मुलानं त्याच्याच फोनवर आमचा दोघांचा फोटो काढून घेतला. मग माझ्या गळ्यात हात टाकून, अगदी डोळे भरून म्हणाला, "कसं वाटलं बाबा? आईला पुढं बसवून, बिनभाड्याची. ही तुमची शेवटची खेप समजा."

मी हसलो. "शेवटची कशी काय? येत्या सोमवारी नंबर हाय माझा."

मुलगा आईकडं बघायला लागला. आई सरबताच्या ग्लासात बघायला लागली. त्या बघण्यातच मला अर्धं कळलं आणि उरलेलं मुलानं सांगितलं. जीप माझ्या मागच्या नंबरवाल्यानंच घेतली होती. आज सकाळीच आमच्या दारातून नेली. किल्ली आई त्याला निघायच्या आधीच देऊन आली होती. घरी असतो तर मी अडून बसलो असतो, तमाशा झाला असता, म्हणून ही सगळी सहल. "तुमचं मन मोडू नये म्हणून हे केलं बाबा. शेवटची खेप राहिली असं वाटू नये म्हणून तर बग्गी ठरवली."

मी शर्टाच्या खिशाला हात लावला. माझी किल्ली होती तिथंच होती.

मुलाला मी शिवी दिली, ती इथं लिहीत नाही. पण खरं सांगतो, मुलाचा राग तिथंच निम्मा उतरला. तो पुण्याचा झालाय. त्याला एक गाडी म्हणजे दुसरीसारखीच. पण बायको? ती पाथरीत राहिली. शेवटच्या खेपा तिनं डोळ्यांनी पाहिल्यात, एकीला तर हार तिनंच ओवला होता. आपलेच दात आणि आपलेच ओठ, म्हणून गिळायचं म्हटलं तरी गिळेना. माझ्याच घरात, माझ्याच डाळीच्या डब्यातून माझा केसानं गळा कापला होता.

परत जायचं तर बग्गीनंच जायचं होतं आणि आमची बग्गी चालवायला दुसरं कोणी नव्हतं. मी बसलो. ती येऊन शेजारी बसली. मी तिच्याकडं न बघता म्हणालो, "बाई, दांडा धरून बसा. पुढं गड्डे हायत."

सवारीशी बोलतो तसं बोललो. तिला ते लागलं. लागावं म्हणूनच बोललो होतो.

सगळी वाट मी एक खड्डा बसू दिला नाही. दिवस भरलेली बाई दवाखान्यात नेताना चालवायचो, तशी चालवली. काजूची झाडं लागली तेव्हा ती म्हणाली, "तुमाला सांजंला दिसत न्हाई. तुमाला बी माहीत हाय, मला बी."

"मग सांगायचं मला. मी विकली असती."

"शेवटची खेप करून?"

"मग! ती करूनच."

"तीच तर नको होती मला." ती रडायला लागली. "सारा स्टँड हार घालणार, तुमी जागोजागी उतरून रडणार आन् तसल्या डोळ्यांनी गाडीभर माणसं घेऊन मानवतला जाणार. मी काय दारात बसून जीव मुठीत धरायचा?"

ती बोलली ते बरोबर होतं. पण बरोबर असलं म्हणून बेइमानी गोड लागत नाही. शेडपर्यंत मी बोललो नाही, घरापर्यंतही नाही. अंगावरचा तांबडा चिखल गोव्याच्या हॉटेलात एका बादलीत निघून गेला.

पाथरीला आल्यावर सोमवारी मी सवयीनं स्टँडवर गेलो. माझी जीप नंबरात उभी होती. काचेवरचं नाव खरवडून काढलं होतं. जयंतीच्या मिरवणुकीत बॉनेटवर निळा झेंडा लावायचो, त्याची कडी मात्र तशीच होती. दोस्त धावत आला आणि खाली बघत म्हणाला, "भाऊ, मला वाटलं तुमाला सांगितलं असंल. वहिनींनी स्वतः किल्ली आणून दिली. चला, आज करू तुमची शेवटची खेप. दिवसाउजेडी हाय, मी शेजारी बसतो. हार आणायला माणूस पाठवला हाय."

बैल गेला अन् झोपा केला. तरी मी चढलो. सीटचा खळगा माझ्याच अंगाचा. स्टेअरिंगवर हात ठेवला, खिशातली किल्ली काढली, लावली. खाली माणसं जमायला लागली. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, की शेवटची खेप करायची राहिलेली नाही. ती होऊन गेली आहे. गोव्याला निघायच्या आदल्या दिवशी मानवतहून परत आलो, तीच ती. सगळ्यांकडून भाडं घेतलं होतं. कुठं उतरलो नव्हतो, कोणाला "येतो" म्हणालो नव्हतो. उलट कोणी सुट्टे दिले नाहीत म्हणून ओरडलो असेन.

कोण कोण बसलं होतं, ते आठवायला लागलो. इतक्या वर्षांतले कितीतरी चेहरे मी सांगू शकतो. कुठल्या फाट्यावर कोण उतरलं, कोणाची पिशवी राहिली, कोण बोलता बोलता रडलं. त्या दिवशीचा एकही चेहरा येईना. पुढं चौघं होते, एवढं खरं. मी किल्ली काढून दोस्ताच्या हातावर ठेवली आणि उतरलो. हार येईपर्यंत थांबलो नाही.

घरी आलो. ती चुलीशी भाकऱ्या थापत होती. गोव्यापासून आपणहून मी तिच्याशी बोललो नव्हतो. दारातच उभा राहून विचारलं, "त्या दिवशी मी तुला काय सांगितलं होतं? गाडीत कोण कोण होतं?"

तिचा हात थांबला. मान वर न करता म्हणाली, "तुमी काही सांगितलंच न्हाई. नेहमीचेच म्हणलात." मग भाकरी तव्यावर टाकली. "मी दोनदा विचारलं होतं."