भित्र्या पगारे मॅडम

"मी अतिशय भित्री बाई आहे," पगारे मॅडमनी पहिल्याच तासाला आम्हाला सांगितलं होतं, "म्हणूनच मी समाजशास्त्राकडे वळले." वर्ग हसला. त्या हसल्या नाहीत. मागे कुणीतरी बाक आपटलं, तर त्या खरोखरच दचकल्या.

पुढे लग्न होऊन मी सिडकोत राहायला आले, तर समोरच्या घरात मॅडम. निवृत्त आणि एकट्या. कुत्रं दिसलं की रस्ता बदलायच्या, मिक्सर सुरू करताना डोळे मिटून घ्यायच्या. फार घाबरल्या की त्यांच्या तोंडी माहेरची, सटाण्याकडची अहिराणी यायची. "माले भीती वाटस," म्हणत त्या माझा दंड धरायच्या. नखं रुतायची.

एवढ्या भित्र्या, पण गल्लीत नवा भाडेकरू आला की पहिल्या त्याच त्याच्या दारात. नाव काय, गाव कोणतं, मुलं कुठल्या शाळेत. एकदा मी म्हटलं, "मॅडम, लोक तुम्हाला भोचक म्हणतात."

"म्हणू देत. माणूस गुन्हा का करतो, हे सगळेच विचारतात. मी वर्गात उलटं विचारायचे. बहुतेक माणसं गुन्हा का करत नाहीत? आपल्याला ओळखणारं कुणीतरी आसपास असतं म्हणून. पोलीस यायला वेळ लागतो गं. तोपर्यंत शेजारीच असतात."

त्या वर्षी आमच्या भागात टोळकी फिरायला लागली. मोटारसायकलवरून यायची, उभ्या गाड्यांच्या काचा फोडायची, कोयते नाचवत निघून जायची. गल्लीने कॅमेरे लावले, दारांना लोखंडी जाळ्या बसवल्या. संध्याकाळी ओट्यावर बसणं बंद झालं. मॅडमनी कॅमेऱ्यांना विरोध केला नाही. एवढंच म्हणाल्या, "आता बाहेर फक्त कॅमेराच राहिलाय. मला त्याचीच जास्त भीती वाटते."

एका दुपारी मी मुलीला भरवत होते आणि बाहेर आरडाओरडा झाला. खिडकीतून पाहिलं, तर कोपऱ्यावरच्या आहेरकाकूंचा रोहित जीव घेऊन पळत होता. काही महिने तो त्यातल्याच एका टोळक्यात होता. नुकताच त्यांना सोडून अंबडला कंपनीत लागला होता. मागे तिघे, एकाच्या हातात कोयता. त्यांनी तोंडंही झाकली नव्हती. मला त्याचाच जास्त धसका बसला. मॅडमच्या घरासमोर रोहितच्या खांद्यावर वार बसला आणि तो कोसळला.

मग कड्या लागल्याचे आवाज आले. इकडून, तिकडून. माझाही हात कडीवर होता. मुलगी रडू नये म्हणून मी तिचं तोंड छातीशी दाबलं होतं.

समोरचं दार मात्र उघडलं. मॅडम बाहेर आल्या. त्यांनी त्या तिघांकडे पाहिलंसुद्धा नाही. बंद दारांकडे बघून त्या ओरडायला लागल्या, "दीक्षितवहिनी, बाहेर या! शेखभाऊ, बाहेर या! सुजाता!" शेवटचं नाव माझं. आवाज फाटत होता.

"ए म्हातारे, आत हो!" कोयतेवाल्याने त्यांना ढकललं. त्या रोहितशेजारीच धपकन खाली पडल्या. तिथूनच ओरडल्या, "सुजाता, माले भीती वाटस! ये ना बाई!"

मी दार उघडलं. कसं, ते आठवत नाही. शेखभाऊ आले, दीक्षितवहिनी पिठाच्या हातांनीच आल्या, मग एकेक घर उघडत गेलं. नुसते उभे राहिलो. तिघांनी आमच्या चेहऱ्यांवरून नजर फिरवली. "एकेकाला बघून घेतो," एक जण म्हणाला आणि ते निघून गेले.

रोहित वाचला. पोलिसांनी विचारलं, "ओळख कोण पटवणार?" सगळे खाली बघायला लागले. मॅडम पुढे झाल्या. चौकीवर जाताना रिक्षा थांबवून त्या ओकल्या. "हात सोडू नकोस," एवढंच मला म्हणत राहिल्या. त्यांचा जबाब झाला, तसा मीही दिला.

ते तिघे पकडले गेले, पण त्यांचे सोबती बाहेरच होते. त्यांची गाडी आमच्या गल्लीतून मुद्दाम हळू जायची. मॅडम दाराला आतून टेबल लावायला लागल्या. "सवय होईल," असं मी एकदा म्हटलं, तर म्हणाल्या, "नाही होत गं. मी वाट पाहणं सोडून दिलंय." जबाब मागे घ्या, असं सांगायला त्यांचा भाचा सटाण्याहून दोनदा आला. त्यांनी त्याला जेवू घालून परत पाठवलं.

खटला उभा राहण्याआधीच, या हिवाळ्यात, हृदयविकाराने मॅडम गेल्या.

आता समन्स माझ्या नावाने आलं आहे. नवरा म्हणाला, "मॅडमच राहिल्या नाहीत. तू कशाला अडकतेस?" काल आहेरकाकू येऊन गेल्या. "मी येते तुझ्याबरोबर. शेखभाऊ रिक्षा काढतायत. दीक्षितवहिनी पण यायचं म्हणत्यात."

उद्या साक्ष. ते तिघे समोर असतील आणि मला त्यांच्याकडे बोट दाखवायचं आहे. सकाळपासून तीनदा दाराची कडी तपासली. साडीला इस्त्री करून ठेवली आहे.